छोट्या पुराचा आठवडा

सांगलीत पावसाळ्यात दोन माणसं भेटली की आधी ‘किती फूट?’ विचारतात, बाकीचं मग. हे फूट म्हणजे आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी. ४० ला इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला ५७ फूट झालं होतं, २०२१ ला ५४ च्या पुढं. त्या दोन्ही वेळी आमचा तळमजला अख्खा पाण्यात होता आणि आम्ही मिरजेला पाहुण्यांकडं. यंदा, म्हणजे २०२५ च्या ऑगस्टमध्ये, पाणी ४३ च्या आसपास आलं आणि परत गेलं. ‘वाचलो बाई’ असं सगळे म्हणाले, मीपण म्हणाले. पण आमची ओसरी नेमकी त्या ४३ ला आहे.

मोठा पूर आला की ब्लँकेटं येतात, बिस्किटांचे पुडे येतात, पुढारी येतात. छोट्यात कुणी येत नाही. आवराआवर मात्र तेवढीच करावी लागते, कारण पाणी कुठं थांबणार हे आदल्या दिवशी कुणाला ठाऊक? आमच्या गल्लीत यंदा दोन घरं नवीन राहायला आलीत. त्यांनी त्या आठवड्यात मला इतके फोन केले की शेवटी ठरवलं, एकदा सगळं सलग लिहून काढावं.

आमचं घर कर्नाळ रस्त्याच्या अंगाला. खाली तीन खोल्या, पुढं ओसरी, वर दोन खोल्या. घरात मी, नवरा, दहावीतली मुलगी आणि सासूबाई. त्यांना आम्ही आत्या म्हणतो. वय ७६, गुडघे गेलेले. नवरा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी, मी एका पतसंस्थेत काउंटरला.

सोमवार, १८ ऑगस्ट. शेवटचा श्रावणी सोमवार, शिवामूठ जवाची. पाऊस दोन दिवस लागून होता, पण सांगलीतल्या पावसानं कृष्णा चढत नाही, ती चढते वर महाबळेश्वर-कोयनेकडं पडलं की. संध्याकाळी उपास सोडताना नवरा म्हणाला, “कोयनेतनं सोडायलेत.” आमच्याकडं हे वाक्य ऐकलं की भाजीत मीठ जास्त झालंय का, ते कुणी बोलत नाही. कोयनेचं पाणी इथं पोचायला दीडेक दिवस लागतो असा आमचा ठोकताळा आहे. तो दीड दिवस आपला.

माझा नियम असा: पुलावर ३० च्या पुढं गेलं आणि कोयनेचे दरवाजे उघडे असतील, तर आवरायला लागायचं. चहाच्या गाड्यावर काय चर्चा चाललीय ते ऐकत बसायचं नाही. तिथं कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं पूर येतो की येत नाही यावर दोन पार्ट्या पडलेल्या असतात आणि दोघांच्याही घरातलं सामान तेव्हा बायका वर चढवत असतात.

मंगळवारी पहाटे चारला उठले. पहिल्यांदा कागद. घराचा उतारा, आधार, रेशनकार्ड, पासबुकं, मुलीचे दाखले, सगळं एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत आणि ती पिशवी कपाटात न ठेवता खुंटीला. मग आत्यांच्या गोळ्या. मग धान्य. गहू-ज्वारीचे डबे भरलेले उचलायच्या फंदात पडू नका. २०१९ ला मी पडले होते, कंबर अजून सांगते. पाच-सहा किलोच्या पिशव्या करून न्यायच्या, रिकामा डबा वेगळा. पंधरा पायऱ्या आहेत आमच्या. मंगळवारी किती वेळा चढले-उतरले ते मोजलं नाही, पण ऑफिसला गेल्यावर नोटा मोजताना बोटं थरथरत होती. दोनदा बंडल परत मोजलं. आमच्याकडं धुणंभांड्याला येणाऱ्या मावशींचा दुपारी फोन आला, “वहिनी, मी उद्यापासनं येत न्हाई, आमच्यात पाणी शिरंल आता.” त्या आमच्याहून खालच्या अंगाला राहतात. फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, “आत्यांच्या गोळ्या घेतल्या न्हवं वर?”

बुधवारी फ्रीज, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टरची बॅटरी आणि लोखंडी कपाट. यासाठी नवऱ्यानं यार्डातनं दोन हमाल आणले, दोघांचे मिळून ८०० रुपये. एरवी हे काम ते पाचशेत करतात, पण पुराच्या दिवसात घासाघीस करू नये, त्यांच्याही घरी तेच चाललेलं असतं. फ्रीज उभाच न्यायचा. जिन्याच्या वळणावर आडवा करावा लागलाच तर वर ठेवल्यावर चार-पाच तास तरी चालू करायचा नाही. मशीनची नळी काढताना तोटी बंद करायला विसरले आणि पूर यायच्या आधीच न्हाणीत पूर आला. मुलगी हसली. मी चिडले. नंतर मीच हसले, पण नंतर म्हणजे दोन दिवसांनी.

गॅसची टाकी वर घ्यायचीच. भरलेली दुसरी टाकी वर चढवणं होत नसेल तर रेग्युलेटर काढून, टोपी लावून, खिडकीच्या गजाला दोरीनं उभी बांधायची. टाकी तरंगते आणि दारावर धडका मारते. आणखी एक, जे पहिल्यांदा पूर बघणाऱ्याला सुचत नाही: पाणी दारातनं यायच्या आधी संडासातनं आणि न्हाणीच्या भोकातनं येतं. वाळूच्या पिशव्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून तिथं दाबून ठेवायच्या. मेणकापड आणि सुतळीला २६० रुपये गेले.

आणि ओसरी? ओसरी सगळ्यात शेवटी आवरायची असं मी दरवेळी ठरवते आणि दरवेळी त्याचा पस्तावा होतो. कारण ओसरीतच घरातलं निम्मं सामान असतं, फक्त ते सामान म्हणून दिसत नाही. चपलांचा स्टँड, छत्र्या, सायकलचा पंप, कुंड्या, रद्दी, जुनं जातं, नारळाच्या शेंड्यांचं पोतं, मांजराचं ताट. शिवाय लाकडी झोपाळा. तो माझ्या सासऱ्यांनी केलेला, सागवानी, पितळी कड्यांचा. २०१९ ला तो तसाच राहिला होता. आठ दिवसांनी आलो तेव्हा फळी फुगून तडकली होती. यंदा बुधवारी रात्री अकराला आम्ही दोघांनी कड्या काढल्या. एक कडी अडकून बसलेली. खोबरेल तेल सोडून, पकडीनं हलवत हलवत वीस मिनिटं. तेवढ्यात लाइट गेली. मोबाइलच्या उजेडात नवरा पकड धरून आणि मी फळी खांद्यावर घेऊन उभी. त्या वीस मिनिटांत आमचं एकमेकांशी जे बोलणं झालं ते लिहिण्यासारखं नाही.

गुरुवारी सकाळी पुलावर चाळीस ओलांडून गेलेलं. गल्लीच्या तोंडाशी पाणी दिसत होतं. ते वाहत येत नाही, गटारातनं उमलत येतं, आवाज न करता. मी पतसंस्थेत फोन करून रजा मागितली. साहेब म्हणाले, “अजून धोक्याची पातळी कुठं आलीय?” बरोबर आहे, धोक्याची नव्हती आली. मी दोन दिवस बिनपगारी घेतली.

आमच्या ओसरीला तीन पायऱ्या आहेत. दुपारी बाराला पहिली गेली. तेव्हा मेन स्विच पाडला. आमचा मीटर ओसरीच्याच भिंतीवर आहे, छातीएवढ्या उंचीवर. पाणी मीटरला लागायची वाट बघायची नाही. पायरीला लागलं की पाडायचा, तेही कोरड्या फळीवर उभं राहून. स्कूटर आदल्या दिवशीच उंचावर ठेवून आलो होतो. दुसरी पायरी चारला गेली. तिसऱ्या पायरीवर मी विटेच्या तुकड्यानं रेघ मारली आणि दर अर्ध्या तासानं बघायचं ठरलं. हे बघायचं काम मुलीला दिलं. तिला अभ्यासातनं उठायला कारणच पाहिजे होतं. ती जिन्यातनं ओरडायची, “दोन बोटं!” “तीन बोटं!”

आत्या जिन्याच्या चौथ्या पायरीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या. रात्री नऊच्या सुमारास ओसरीत पाणी पसरलं. आधी शहाबादीच्या सांध्यासांध्यातनं काळं झालं, मग एकदम सगळी फरशी चकाकली. आत्यांनी माझ्याकडनं हळदकुंकू मागून घेतलं. पुढ्यातल्या पाण्यावर वाहिलं, जास्वंदीचं फूल सोडलं आणि घरी आलेल्या नणंदेशी बोलावं तसं म्हणाल्या, “आलीस, बरं झालं. आता हितनंच वळ माघारी.” फूल पाण्यावर जरा वेळ गोल फिरलं आणि तुळशीच्या कट्ट्याला जाऊन चिकटलं.

शुक्रवारी काही घडलं नाही आणि तोच दिवस सगळ्यात लांब होता. पाणी उंबऱ्याला लागून उभं. वर दोन खोल्यांत चार माणसं, फ्रीज, मशीन, कपाट, सहा पोती, झोपाळ्याची फळी आणि एक मांजर. मेन स्विच पाडलेला, म्हणजे वरपण लाइट नाही. नळाला गढूळ पाणी. तुरटी फिरवून निवळलं तरी प्यायला मन होईना, म्हणून पाण्याचे जार मागवले. गल्लीतली पोरं ट्रकच्या ट्यूबवर ठेवून ढकलत आणत होती, एका जारचे ४० रुपये. तीन दिवसांत सहा जार. स्वयंपाक एकच, मुगाची खिचडी, सकाळची संध्याकाळी. धुणं वाळत नव्हतं. ओल्या कपड्यांचा कुबट वास, आत्यांच्या गुडघ्याच्या तेलाचा वास आणि खाली थांबलेल्या पाण्याचा वास. मी भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपले आणि हातातला भाताचा डाव तसाच हातात होता, असं मुलगी सांगते.

शनिवारी पहाटे साडेतीनला नवऱ्यानं हलवलं. “उतरायलंय.” हा क्षण महत्त्वाचा. पाणी ओसरीतनं जात असतानाच गाळ त्याच्याबरोबर ढकलायचा. पाणी पुरतं गेल्यावर, झोप काढून, चहा पिऊन मग बघू म्हणालात तर मेलात. हा गाळ काळ्या रानाचा असतो, लोण्यासारखा मऊ. उन्हाची एक तिरीप पडली की सिमेंट होतो. मग फावड्यानं खरवडायचा आणि त्याबरोबर फरशीचा टवका काढायचा. २०२१ ला आमच्या फरशीचे तीन टवके तसेच गेले.

तर साडेतीनला गमबूट घालून खाली. आधी काठी आपटत गेलो, कारण उतरत्या पाण्यात साप कोरडी जागा शोधत येतात. चपलांचा स्टँड, कुंड्यांमागचा कोपरा, मीटरची पेटी नीट बघून घ्यायची. आमच्यात साप नव्हता. तिसऱ्या पायरीवर एक भला मोठा बेडूक होता, तो आमच्याकडं असा बघत होता की जणू आम्हीच पाण्याबरोबर आलोय. खराट्यानं गाळ सैल करायचा, रबरी वायपरनं ढकलायचा, बादलीनं त्याच उतरत्या पाण्यातलं पाणी मारायचं. स्वच्छ पाणी शेवटच्या हाताला राखून ठेवायचं. आठपर्यंत दोघांनीच केलं. मग हात उचलेनात. गल्लीत कामाला आलेल्या दोघांना विचारलं, प्रत्येकी ७०० म्हणाले, घेतले. खराटे, वायपर, हातमोजे मिळून ४५० झाले होते.

बारापर्यंत फरशी दिसायला लागली. ब्लीचिंग पावडर आणि फिनेल ३१० रुपयांचं. ब्लीचिंग टाकलं असेल तिथं संडास धुवायचं अॅसिड अजिबात टाकायचं नाही, विषारी वाफ धरते. शेजारच्या नवीन घरात ताई दोन्ही एकत्र करून घासायला लागल्या होत्या, खोकत बाहेर आल्या. आरोग्य खात्याच्या ताई गोळ्या घेऊन आल्या होत्या. पायाला चीर असेल तर अंगावर काढू नका म्हणाल्या, लेप्टोची भीती असते. माझ्या टाचेला होती. गोळी घेतली.

संध्याकाळी फोडणीला जिरं पाहिजे होतं. जिरं कुठल्या पोत्यात होतं ते मलाच आठवेना. चार पोती उपसली. पाचव्यात डबा सापडला आणि त्याचं झाकण निघेना. मी ते झाकण भिंतीवर आपटलं, पुन्हा आपटलं आणि मग तिथंच पोत्यावर बसून रडले. साध्या झाकणासाठी. ५७ फुटाला रडले नव्हते तेवढी. मुलीनं काही न बोलता चार माणसांची मॅगी केली. आत्यांनी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ली. “शेवयांचं तिखटच की हे,” म्हणाल्या आणि परत मागून घेतली.

रविवारी मी बाराला उठले. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

वायरमन संध्याकाळी मिळाला, तोपर्यंत सगळं अंधारात. मीटरला पाणी लागलेलं नसलं तरी त्याला दाखवल्याशिवाय मेन स्विच वर करू नका. ओसरीतल्या खालच्या प्लगात ओल होती, एमसीबी बदलला, मजुरीसकट ९५०.

सोमवारी पंचनामा. दोघंजण आले, वह्या-मोबाइल घेऊन. मी सगळ्या झेरॉक्स लावून ठेवल्या होत्या: आधार, रेशनकार्ड, पासबुक, घरपट्टीची पावती. शिवाय तारीख-वेळ दिसेल असे फोटो, पायरीपायरीचे.

“घरात पाणी आलं?”

“ओसरीत आलं. दीड दिवस होतं.”

“उंबऱ्याच्या आत?”

“उंबऱ्याला लागलं.”

“आत नाही ना? मग ओसरी धरत नाही आम्ही.”

आवाजात काही वाईट नव्हतं. सकाळपासून पन्नास घरं हिंडून त्यांचेही पाय गेले असणार. मी चहा विचारला, त्यांनी घेतला, त्याच ओसरीत उभं राहून. घरपट्टी लावताना मात्र ही ओसरी टेप लावून मोजली होती, माझ्यासमोर. ते तेव्हा तोंडात आलं, पण बोलले नाही. त्याऐवजी मंगळवारी, हरतालिकेच्या उपासात, साधा अर्ज लिहून त्यांच्या कार्यालयात नेला. आवकचं टेबल रिकामं. जेवायला गेलेत, येतील. दोन तास चाळीस मिनिटं बाकावर. पण अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठले नाही. तुम्हीही उठू नका. पोच असली की निदान पुढच्या वेळी आपण काय म्हणालो होतो ते दाखवता येतं. अजून त्यावर काही आलेलं नाही. मावशींच्या घरात कमरेएवढं पाणी होतं, त्यांचा पंचनामा झाला. त्यांची कागदं मी भरून दिली. त्यांचं पासबुक भिजून पानं चिकटली होती, म्हणून सांगते, पासबुक खुंटीलाच.

ओसरीच्या भिंतीवर फूटभर उंचीची तपकिरी पट्टी उठली होती. नवऱ्याला गणपतीच्या आधी ऑइलपेंट मारायचा होता. ओल्या भिंतीवर ऑइलपेंट मारू नका, आत ओल कोंडते आणि दिवाळीपर्यंत पापुद्रे सुटतात. आमच्याकडं २०१९ नंतर तेच झालं. चुना मारा, भिंत श्वास घेते. चुना आणि ब्रश २४० रुपये. मंगळवारी कार्यालयातनं आल्यावर साडीचा पदर खोचून मीच दोन हात मारले. पट्टी पूर्ण झाकली गेली नाही.

सगळे मिळून ४,६५० रुपये, आणि दोन दिवसांचा पगार.

बुधवारी, २७ ला, गणपती. शहाबादी अजून आतनं ओली होती, रांगोळी धरेना. पांढऱ्याचं करडं होऊन पसरायचं. मुलीनं पाटावर रांगोळी काढून पाटच ओसरीत ठेवला. झोपाळ्याची फळी आम्ही परत लावली नव्हती, कड्या तशाच लोंबत होत्या, त्यांना तिनं आंब्याचे डहाळे बांधले. नवरा मूर्ती घेऊन पायऱ्या चढला. दारात आत्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. पाणी ओघळत तुळशीकडं गेलं आणि आम्ही चौघंही उगाच ते कुठवर जातंय ते बघत राहिलो.

फ्रीज अजून वरच आहे. खाली कधी आणायचा म्हणून परवा हमालांना विचारायला निघाले होते, तर आत्या म्हणाल्या, “दसरा होऊ दे की. कोयना भरलीय अजून.”